नववं माणूस

१२ फेब्रुवारी

प्रिय लव्हॉन,

तू खुशाल असशील. आर्लिसला माझा नमस्कार सांग आणि तिच्या गुडघ्याची चौकशी केली म्हणून सांग. बहिणीचं घर म्हणजे तुला तिथे काही कमी पडणार नाही, ते मला ठाऊक आहे. इकडे सगळं ठीक. कुत्रा दोन्ही वेळा जेवतो. तुझ्या कुंड्यांना पाणी घातलं, बहुधा जास्तच घातलं. आज लिंकनचा वाढदिवस. दर वर्षी न्याहारीला मी हे सांगतो आणि तू म्हणतेस, "त्याला माझ्याकडून शुभेच्छा कळव." यंदा ऐकायला कुत्रा होता.

जाताना तू म्हणालीस, "फोन करू नकोस. फोनवर तू मला हवामान सांगतोस. त्या संध्याकाळी कॉकसला तू काय पाहिलंस ते लिहून पाठव. मग बघू." त्याला अकरा दिवस झाले. चारदा कागद घेतला. दोन ओळी झाल्या की उठतो, तळघरात जाऊन हीटर बघून येतो, पुन्हा बसतो. आत्ताही बघून आलो. चालू आहे.

तर लिहितो. तू तिथेच होतीस, तरी लिहितो.

राष्ट्राध्यक्षपदासाठी आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहून मत द्यायला पक्षाचे लोक जमले, आणि सात वाजता शाळेच्या व्यायामशाळेचं दार बंद झालं. दारापाशी साठ जणांनी सह्या केल्या होत्या. आम्ही गव्हर्नरवाले बास्केटबॉलच्या जाळीखाली, सेनेटरबाईंचे लोक कॉफीच्या टेबलाकडे, आणि दोन मोठे घोळके उरलेल्या दोन कोपऱ्यांत. साठांत नऊ डोकी नसली तर तो कोपरा मोडतो आणि त्यातल्या लोकांनी दुसरीकडे जायचं, हे आपल्याकडे पोरांनाही पाठ असतं. माझ्या हातात यादी होती. आमचे नऊ झाले.

बत्तीस वर्षं मी त्या व्यायामशाळेत गव्हर्नर, सेनेटर, कुणाकुणाच्या बाजूने उभा राहिलोय, पण जिल्ह्याच्या अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून मला कधी कुणी पाठवलं नव्हतं. या वेळी पाठवलं. टाळ्या पडल्या. गाडीत मी तुला १८७६ची गोष्ट सांगायला लागलो, हेज एका मताने कसा राष्ट्राध्यक्ष झाला, एकशे पंच्याऐंशी विरुद्ध एकशे चौऱ्याऐंशी. तू खिडकीबाहेर बघत होतीस. मला वाटलं, दमलीस.

हे झालं मी पाहिलेलं. काल याच जागी पत्र संपवलं, सही करून पाकीट बंद केलं होतं. मग फाडलं. कारण तू हे वाचून आर्लिसकडे देशील आणि म्हणशील, "बघ, हवामान."

बरं. आमचे नऊ मी मोजले नव्हते. यादी मी रविवारी आपल्या स्वयंपाकघरात केली होती आणि त्या यादीवर खुणा करत गेलो. पहिलं नाव माझं, दुसरं तुझं. तू भांडी पुसत होतीस. खांद्यावरून वाकून म्हणालीस, "माझं नाव कशाला लिहिलंस?" मी म्हणालो, "तुझं नाही तर काय कूलिजच्या रॅकूनचं लिहू?" आणि राष्ट्राध्यक्षाने पाळलेली ती रॅकून व्हाइट हाउसमध्ये कशी फिरायची, तिचं नाव रिबेका कसं, हे सगळं सांगत बसलो. तू फडकं वाळत घातलंस आणि बाहेर गेलीस. तो प्रश्न होता. मी तो विनोद समजलो. म्हणजे, विनोद मीच केला.

आणि ऑक्टोबरात सेनेटरबाई चर्चच्या तळघरात आल्या तेव्हा तू शंभर माणसांचं जेवण रांधलंस. मला वाटलं, चर्चने सांगितलं म्हणून. त्या आपल्या रुग्णालयातल्या बंद पडलेल्या बाळंतपणाच्या विभागाबद्दल बोलल्या. तिथे तू एकतीस वर्षं नर्स होतीस. घरी येऊन तू म्हणालीस, "तिने मला विचारलं, शेवटचं बाळ कोणाचं झालं. मला नाव आठवलं." मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक हॅरिसन राष्ट्राध्यक्षाबद्दल बोललो असेन. व्हाइट हाउसमध्ये नवीन वीज आली तेव्हा तो आणि त्याची बायको बटणाला हात लावायला घाबरायचे, ते.

उठून आलो. हीटर चालू आहे.

आता ते लिहितो, जे मी काल लिहिलं नाही. तुझ्यासमोरच घडलं. पण माझ्या तोंडून कबूल झालेलं तुला हवंय, असं मला वाटतं.

बेरीज जमेना. गेलन अध्यक्षाच्या खुर्चीवर चढला आणि ओरडला, "मंडळी, सह्या साठ आणि कोपरे मिळून एकसष्ट! कुणीतरी दोनदा जन्माला आलंय. पुन्हा मोजा!" मी पुन्हा यादीवरून बोट फिरवलं. नऊ. तिकडून ती सहावीची बाई, मिस कोव्हार, म्हणाली, "आमचेही नऊ. मिसेस हार्म्स धरून नऊ."

म्हणजे तुला धरून. मी हसलो. हसलोच. म्हणालो, "अहो बाई, ती कॉफीपाशी उभी आहे. कॉफीचं टेबल तुमच्या कोपऱ्यात लावलं, यात तिचा काय दोष? ती आमच्यातली."

तू म्हणालीस, "मी इथे उभी आहे, ऑर्व्हल."

"दिसतंय की. कॉफी वाटून झाली की ये इकडे."

सगळी व्यायामशाळा हसली. गेलन म्हणाला, "नवरा-बायकोचं घरी जाऊन मोजा रे, बाहेर बर्फ पडायला लागलंय," आणि त्याने माझ्यापुढे नऊ लिहिले, त्यांच्यापुढे आठ. त्यांचा कोपरा मोडला. आठजण इकडेतिकडे पांगले. तू कुठेच गेली नाहीस. तुझ्या हातात कॉफीचं भांडं नव्हतं, लव्हॉन. तुझ्या कोटावर त्यांचा बिल्ला होता. तो मी केव्हा पाहिला, माहीत आहे? दुसऱ्या दिवशी सकाळी, तू बॅग घेऊन दारात उभी होतीस तेव्हा. "दिसतंय की" म्हणालो होतो. काही दिसत नव्हतं.

पुढचं तुला माहीत नाही, ते सांगतो. मंगळवारी मी जिल्ह्याच्या कचेरीत डार्लीनकडे गेलो आणि सांगितलं, आमचे आठच होते.

ती म्हणाली, "चुकून मोजलंस की मुद्दाम?"

"दोन्ही नाही. बघितलंच नाही."

"फॉर्मवर तसा रकाना नाहीये, ऑर्व्हल."

शेवटी तिने 'चुकून' लिहिलं आणि मी सही केली. आमचा कोपरा रद्द. माझं प्रतिनिधीपण गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. दुपारपर्यंत गावभर झालं होतं. कॅफेत शिरलो तर गेलन म्हणतो, "राष्ट्राध्यक्षांच्या कुत्र्यांची नावं तोंडपाठ, आणि बायको कुठल्या कोपऱ्यात उभी ते पत्ता नाही!" सगळे हसले. मीही हसलो. मग कॉफी तशीच ठेवून निघालो. घरी येऊन जेवणाच्या टेबलापाशी उभा राहिलो आणि मला रडू आलं. बसायचं कुठे, तेच कळेना. तुझ्याशिवाय या घरात मला एका जागी बसवत नाही.

काल मिस कोव्हार दारात आली. आत येईना. त्यांच्या कोपऱ्याला आता एक जागा मिळाली आहे. ते आठजण तिच्या वर्गात, पोरांच्या बाकांवर बसले आणि त्यांनी एकमताने तुझं नाव सुचवलं. अधिवेशन बारा मार्चला, इथेच. संमतीचा फॉर्म सव्वीस तारखेपर्यंत पोचायला हवा. तिने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मी पोस्टाने टाकू शकले असते. पण म्हटलं, तुम्हीच पाठवा." पोरगी तिखट आहे. तुला आवडेल. आवडतेच म्हणा, मला आत्ता कळतंय.

फॉर्म सोबत जोडला आहे. नाव, पत्ता, हो की नाही, सगळं कोरं ठेवलं आहे. पत्त्यापाशी माझा हात आपोआप आपला पत्ता लिहायला गेला होता. आवरला. तुझा पत्ता कुठला, ते तू लिही.

हो म्हणालीस तर बारा तारखेला तुला इकडे यावं लागेल. त्यावरून मी काही धरून चालणार नाही. अधिवेशनाला आलीस आणि तिथूनच परत आर्लिसकडे गेलीस, तरी मी दारापाशी उभा राहून बघेन, तू कुठे बसतेस ते.

मी चुकलो. गावासमोर तुला माझ्यात धरलं, आणि तू स्वतः बोललीस तेही ऐकलं नाही. तू इतक्या वर्षांत आणखी किती वेळा "मी इथे उभी आहे" म्हणालीस, हे मी गेले अकरा दिवस आठवत फिरतोय. बरंच आठवलं.

खाली 'तुझा' लिहायला पेन टेकवलं होतं. पण ते तुला न विचारता लिहिण्यासारखं नाही.

ऑर्व्हल