टाचण्या काढल्या त्याबद्दल

ती. ताईंना साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? मी बरा आहे. स्वतः रांधून जेवतो. भात आता तळाशी लागत नाही, वर कच्चा राहतो एवढंच.

तुमची बहीण जाऊन परवा चार महिने झाले. तिच्या गोधडीचे तुकडे घरभर होते, ते तुम्हाला ठाऊकच आहे: उशीच्या अभ्र्यांत, बुटांच्या खोक्यांत, शिवणयंत्राच्या खणात, एक गठ्ठा तर पिठाच्या रिकाम्या डब्यात. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, कुणाला तरी देऊन टाका." मला ते लागलं. ज्याने एकतीस वर्षं कारखान्याचं भांडार सांभाळलं, त्याच्या घरातला पसारा दुसऱ्याने का आवरावा? झाकणाचे आठ पारदर्शक डबे आणले आणि कामाला लागलो.

आठवडा गेला. रंगांप्रमाणे लावायचं ठरवलं, पण एक कापड मला निळं वाटे आणि शेजारच्या मास्तरांना हिरवं. त्यावरून आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं (शेवटी 'इतर' असा डबा केला, भांडारातही असा एक असायचा, आणि निम्मा माल त्यातच जायचा). माझा चौकडीचा शर्टही सापडला, नऊ चौकोनांच्या रूपात. तो हरवला म्हणून मी इस्त्रीवाल्याला नको नको ते बोललो होतो, आणि ही बाई तेव्हा शेजारी उभी राहून गंभीरपणे मान हलवत होती. प्रत्येक तुकड्याला टाचणीने चिठ्ठी लावलेली होती. टाचणी गंजली की कापडाला डाग पडतो, म्हणून सगळ्या टाचण्या काढल्या, चिठ्ठ्यांना रबर लावून ठेवलं, तुकड्यांना इस्त्री केली. काम इतकं देखणं झालं की तिला दाखवायला हाक मारणार होतो.

मग खालचा शिंपी आला. तिला कातरणं तोच द्यायचा. त्याने डब्यांचं कौतुक केलं, चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात घेतला आणि जमिनीवरच बसून एकेक वाचू लागला. ओळ तीन, डावीकडून पाचवा. ओळ सात, ह्यांच्या पायाशी. अख्खी गोधडी तिने जुळवून ठेवली होती ताई, नुसती शिवायची राहिली होती. शिंपी म्हणाला, "शिवून मी देतो साहेब. पण जुळणी आता त्यांची नाही व्हायची."

तुम्ही म्हणाल, चिठ्ठ्या वाचल्या का नाहीत? चिठ्ठी वाचल्याशिवाय भांडारातला खिळासुद्धा मी कुणाला हलवू दिला नाही. पण इथे तिचं अक्षर समोर आलं की मी चिठ्ठी पालथी करून ठेवत होतो.

असो. प्रकृतीला जपा.

तुमच्या बहिणीचा नवरा (अजूनही)

ता. क. – तुम्ही दोघी रोज दुपारी तासभर फोनवर बोलायचात आणि एवढं काय बोलता म्हणून मी कुरकुरायचो. त्यात कधी गोधडीचा विषय निघाला असेल, कशाशेजारी काय ते तिने सांगितलं असेल, तर चार दिवस राहायला या.

ता. क. २ – आठवत नसलं तरी या. तुम्ही सांगाल तोच क्रम तिचा होता, असं मी धरून चालेन. शिंप्यालाही तसंच सांगून ठेवलंय.