एका खुंटीला लुगडी दोन

तांबट आळी, नाशिक
कार्तिक वद्य सप्तमी, शके १८५७

प्रिय गोदे,

तू दिंडोरीला सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. डब्यातले लाडू सगळे मुलींना वाटून टाकू नकोस, तूही खा. तुझ्या वर्गातल्या मुली कोडी घालून तुलाच हरवतात हे वाचून दाखवलं, तेव्हा नाना पोट धरून हसले. अर्थात वाचलं ते निम्म्या आळीनं ऐकलं असणार. नानांचा डावा कान आता पार गेला, उजव्यात थोडी धुगधुगी आहे. जन्मभर तांब्यावर हातोडा मारला, त्याचं हे फळ. आपल्या घरात कुणाला काही हळू सांगायची सोय राहिलेली नाही.

यादवरावांच्या स्थळाला तू नकार दिलास. नाना तेव्हापासून एकाच परातीचा काठ ठोकत बसले आहेत. मध्यस्थ चिमाजीअण्णा बुधवारच्या बाजाराला येतील, तेव्हा त्यांना उत्तर द्यायचं आहे. मी तुला भरीला घालायला बसलेली नाही. बिजवर माणूस, पदरात सात वर्षांची सिंधू, नको म्हणायला एवढं पुष्कळ आहे. पण ते आले त्या दिवशी त्यांच्याशी शाळेबद्दल बोलताना तू चहा गार केलास, आणि तुला गार चहा चालत नाही, हे मला माहीत आहे. ती पोर बापाच्या कोटाचं टोक धरून बसली होती. तुझ्याकडे पाहत होती, तू पाहिलंस की मान फिरवत होती. मला ती नजर ओळखीची आहे. उत्तर जायच्या आधी तुला एक सांगायचं आहे. ते एकदम लिहवत नाही, म्हणून आधी थोडं जुनं काढते. कंटाळू नकोस.

मी या घरात आले तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. आत्याबाईंनी उंबऱ्यातच मला 'नवी' म्हटलं. मग आळी म्हणायला लागली, आणि केस पिकले तरी मी नवीच राहिले. तू मात्र मला काहीच म्हणाली नाहीस. बोलायचंच नाही असा पण केला होतास. वाढलेलं खायचीस, ताट उचलून ठेवायचीस, माझ्या अंगावरून वारा जावा तशी जायचीस. नाना सांगत, "होईल हळूहळू." पुरुषांना काय जातं म्हणायला! दिवसभर ठोकाठोक चालणाऱ्या घरात तुझी ती चुप्पी मला सगळ्यांत मोठ्यानं ऐकू यायची.

आमच्या चांदवडला कोडी घालण्याची एक रीत होती. कोडं घातलं की गप्प बसायचं नाही. उत्तर द्यायचं, नाहीतर एक गाव देऊन टाकायचं, आणि दिलं ते गाव जिंकणाऱ्याचं. मी ही रीत आळीतल्या पोरींना शिकवली, आणि संध्याकाळी त्या आपल्या ओट्यावर जमायला लागल्या. तू खांबाला टेकून लांब बसायचीस. एकदा मी मुद्दाम तुझ्याकडे पाहून घातलं:

गळ्यात फास, तरी ना रडे,
पोट भरून वरती चढे.

विहिरीचा पोहरा. तो तुझ्या पायाशी पडला होता, उत्तर तुला येत नव्हतं असं मी कधीच मानणार नाही. पण उत्तर दिलं तर माझ्याशी बोलल्यासारखं झालं असतं, आणि गप्प बसलं तर पोरी सोडत नव्हत्या. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणालीस, "सिन्नर." लोकांच्या मुलींचा पहिला शब्द काय असेल तो असो, माझ्याशी तुझा पहिला शब्द सिन्नर. त्या दिवशी मी आत जाऊन चुलीच्या धुराचं निमित्त करून रडले.

मग तू रोज एक गाव द्यायला लागलीस. निफाड दिलंस, येवलं दिलंस. जवळची संपली तेव्हा भूगोलाचं पुस्तक उघडून बसायचीस. काबूल दिलंस, लंडनसुद्धा देऊन टाकलंस, साहेबाला पत्ता नाही! नाशिक मात्र कधी दिलं नाहीस. आत्याबाई म्हणायच्या, "पोरगी हरून हरून शहाणी व्हायला लागली गं." भूगोलात तुझा पहिला नंबर आला, त्यात माझाही हात आहे हे तुझ्या मास्तरांना कुठं ठाऊक.

आणि ती गोष्टींची पुस्तकं. शाळेतून आणायचीस आणि पान उघडून माझ्यापुढे ठेवायचीस, वाचा म्हणूनही म्हणायची नाहीस. तुला स्वतःला फडाफडा वाचता येत होतं. मी चौथीपर्यंत शिकलेली, जोडाक्षर आलं की अडखळायची. पुस्तक कुठलंही असो, तुझी आवडती गोष्ट एकच. आई मेलेली मुलगी, तिला सावत्र आई गळकं मडकं देऊन पाण्याला धाडते. सावत्र आई मेल्याशिवाय एकही गोष्ट संपत नसे. हातोड्यांच्या वर आवाज जावा म्हणून मला ओरडून वाचावं लागायचं, आणि आळीतली पोरं एकदा पुस्तकाकडे, एकदा माझ्या तोंडाकडे बघायची. आत्याबाईंनी दारातून टोमणा मारला, "हिला कशाला वाचायला देतेस गोदे, हिच्याच घरच्या गोष्टी त्या." मला वाटलं होतं, सावत्र आईच्या जागी शेजारीण म्हणावं, राक्षसीण म्हणावं. पण तू माझ्या ओठांकडे टक लावून बसलेली असायचीस. मी एक अक्षर बदललं नाही. ती बाई किंचाळायची तिथे मी किंचाळले, आणि मेली तिथे तुझ्याबरोबर मीही पान मिटून उसासा टाकला. तुला तिचं मरण हवं होतं तर ते तुला माझ्या तोंडून मिळावं, असं मला वाटत होतं. का, ते आजही नीट सांगता येत नाही.

पण त्या गोष्टींनी माझं डोकं फिरवलं. गोष्टीतली ती पाण्याला धाडते, म्हणून मी तुला पाण्याला धाडलंच नाही. गोष्टीतली भांडी घासायला लावते, म्हणून तुझ्या हाताला राख लागू दिली नाही. सगळा उन्हाळा कळश्या मीच वाहिल्या, कंबर धरली तरी. आणि एके दिवशी तू आत्याबाईंपाशी रडत होतीस ते मी ऐकलं: "त्या मला काहीच काम सांगत नाहीत. मी काय पाहुणी आहे? आई सांगायची." मी उठले, मधली कळशी तुझ्यापुढे आदळली आणि म्हटलं, "जा, भरून आण, आणि सांडलीस तर बघ." तू पळत गेलीस. निम्मी सांडून आणलीस, आणि मी रागावले. कुणावर रागावून इतकं बरं वाटतं, हे मला पहिल्यांदा कळलं.

तरी ते एक कोडं राहिलंच. तुला आठवत असेल, मी कधी काढलं नाही. माजघरात एकच खुंटी होती. तिच्यावर तुझ्या आईचं हिरवं लुगडं तसंच टांगलेलं होतं, त्याला हात लावायचा धीर कुणाला नव्हता. माझंही मला तिथेच टाकावं लागे. ओट्यावर सगळ्या बसलेल्या असताना तू उभी राहिलीस आणि म्हणालीस:

गेली कोण, आली कोण,
एका खुंटीला लुगडी दोन?

आत्याबाईंच्या हातातलं सूप थांबलं. उत्तर मला येत होतं, सगळ्यांनाच येत होतं. पण मी ते बोलले असते तर तुझी आई त्या ओट्यावर दुसऱ्यांदा गेली असती. मी म्हटलं, "हरले. चांदवड दिलं." माहेर दिलं, गोदे. खेळातलंच, पण तोंडातून शब्द गेला आणि आईची ओसरी, ओसरीवरची तुळस, सगळं दुसऱ्याचं झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझी वेणी घालत होते तेव्हा, पाठ माझ्याकडे करूनच, म्हणालीस, "चांदवड तुमचं तुम्हांला." दिलेलं गाव परत करायची आमच्याकडे रीत नव्हती. ती तू काढलीस. तुझ्या केसांत माझे हात किती वेळ तसेच राहिले, आणि तू हललीही नाहीस.

असो. आत्याबाईंचे गुडघे थंडीनं फार धरले आहेत. दात गेले तरी टोमणे शाबूत. आता त्यांनाच गोष्टी वाचून दाखवाव्या लागतात. परवा मला म्हणाल्या, "नवे, ती मडक्याची गोष्ट नको, दुसरी वाच." आळीत स्वस्त, हलक्या जर्मनच्या भांड्यांनी धंदा बसत चालला आहे, पण संध्याकाळी ओट्यावर पोरी अजून येतात. तू येशील तेव्हा नव्या कोड्यांची भर घाल, त्यांना माझी सगळी पाठ झाली आहेत.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. जायच्या आदल्या दिवशी तू नानांना नकाराचं कारण सांगितलंस, तेव्हा मी गंगेवर धुणं घेऊन गेले आहे असं तुला वाटलं. मी परत आले होते, मागच्या दारात पिळे घेऊन उभी होते. नानांना ऐकू जावं म्हणून तुला ओरडावं लागलं. "नाना, माणूस मला पसंत आहे. पण या घरात त्यांचं काय झालं ते मी पाहिलंय. दुसरीचं लेकरू वाढवण्यात त्यांचा जन्म गेला आणि त्यांना कुणी आई म्हटलं नाही, मीसुद्धा नाही. तसलं जिणं मला नको." गोदे, तू माझी कीव केलीस. आळीनं केली तेव्हा मला काही वाटलं नाही, पण तुझी मला सोसली नाही. त्या हाकेची वाट मी पाहिली, पहिली काही वर्षं फार पाहिली, खोटं कशाला बोलू? मग विसरून गेले. मला उसंत कुठं होती? घरात मुलगी वाढत होती. तिचा ताप, तिची परीक्षा, पुण्याला शिकायला जाताना तिची वळकटी, ती गेल्यावर घरभर पडलेली शांतता, हे सगळं माझंच होतं, ते दुसऱ्या कुणाचं नव्हतं. मला मूल झालं नाही म्हणून लोक हळहळतात. हळहळू देत. मला मुलगी होती, आणि मी सुखात होते. यादवराव नको असतील तर नको म्हण. शाळा सोडवत नसेल तर नको म्हण. चिमाजीअण्णांना मी स्वतः सांगेन, वाईटपणा घेईन. पण आपलं त्यांच्यासारखं होईल, या भीतीनं नको म्हणू नकोस. माझ्यासारखं झालं, तर तुझं फार चांगलं झालं असं समज.

तुझीच,
नवी