तुम्ही पाठवलेल्या कात्रणाबद्दल

ती. वन्सं यांना,

वाकून नमस्कार (कागदावर वाकायला कंबर लागत नाही, म्हणून हल्ली पत्रातूनच करते). तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात उजवा जास्त दुखतो असं लिहिलं होतंत, त्याच्या आधीच्या पत्रात डावा होता. दोघांपैकी सध्या ज्याची पाळी असेल त्याला शेक द्या. तुमच्या यजमानांचं ऐकू येणं आहे तसंच असेल असं धरून चालते. त्यांना ऐकू येत नाही की ते ऐकत नाहीत, असं तुम्ही माझ्या लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात मला विचारलं होतंत. मी नवी होते म्हणून गप्प बसले. आता सांगते, ते ऐकत नाहीत. इकडे सगळं ठीक आहे. हे वाक्य पत्रात असावं लागतं.

पत्रास कारण, तुम्ही पाठवलेलं कात्रण. कुठल्याशा साप्ताहिकाच्या पुरवणीतलं, ‘रोजच्या जगण्यात उत्सवी थाट’. वर एका बाईचा फोटो, पांढऱ्या शुभ्र स्वयंपाकघरात फुलांचं भांडं धरून हसणारी (त्या स्वयंपाकघरात आजवर कुणी काही तळलेलं नाही, हे मी पैजेवर सांगते). खाली सल्ले. कपड्यांत रंग आणा, दिवसातली एक तरी गोष्ट साजरी करा, जुनं टाकून द्या, कामात आणि विश्रांतीत समतोल राखा. तुम्ही तांबड्या पेन्सिलीनं खुणा करून कडेला लिहिलं होतंत, ‘त्याला वाचून दाखव. तूही वाच.’ मी दोन्ही केलं. तुमच्या बंधूंच्या छातीच्या ऑपरेशनला तेव्हा दोन महिने झाले होते. डॉक्टरांनी मीठ, तेल आणि चिंता कमी करायला सांगितली होती. पहिल्या दोन गोष्टी माझ्या हातात होत्या, त्या मी केल्या. तिसरीसाठी तुमचं कात्रण आलं.

तुमचे बंधू कसे आहेत, म्हणजे कात्रणाआधी कसे होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाणी खात्यात एकतीस वर्षं मीटर तपासले. लोकांच्या मागच्या दारानं जायचं, जिन्याखाली वाकायचं, आकडा लिहायचा आणि परत यायचं. दोन करडे सदरे, एक अंगावर, एक दोरीवर. घरात बोलायचे तेही मीटर वाचल्यासारखं. मला त्याची सवय झाली होती, आणि दुकानात दिवसभर लोकांचा उत्साह सोसल्यावर घरी असा माणूस बरा वाटायचा. आपलं दुकान तुम्ही पाहिलेलं आहे. समारंभाचे कपडे भाड्यानं द्यायचे, लांबी-रुंदी बेतून द्यायची, परत आले की धुऊन, वाफेची इस्त्री मारून टांगायचे (तुम्ही त्याला ‘परक्यांच्या घामाचं दुकान’ म्हणता, त्यात खोटं काहीच नाही). लोकांचा समारंभ संध्याकाळी होतो. माझ्याकडे तो दुसऱ्या दिवशी सकाळी येतो, पिशवीत कोंबलेला. काखेत डाग, बाहीवर सॉस, खिशात न वाचलेलं भाषण. एकदा एका नवरदेवाच्या कोटाच्या आतल्या खिशात घडी घातलेली चिठ्ठी निघाली, मुलीच्या अक्षरातली. तीत एकच शब्द होता, ‘नको’. लग्न आदल्या दिवशी पार पडलं होतं. सत्तावीस वर्षं हे उपसल्यावर मला उत्सवी थाटाचं फारसं कौतुक राहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात यावं म्हणून लिहिलं.

तर कात्रण वाचल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी हे दुकानात उतरले, निळा मखमली कोट हँगरवरून काढला, अंगात घातला आणि पाव आणायला गेले. मला वाटलं गंमत करताहेत. पाववाल्यानं विचारलं, मुलीचं लग्न का? तुमच्या बंधूंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, नुसते आभार मानले. दुपारपर्यंत तीन बायका माझ्याकडे येऊन गेल्या, आम्हाला कसं बोलावलं नाही म्हणून रुसलेल्या. वन्सं, आमच्या घरात मूल नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, या गल्लीत नव्यानं आलेल्या त्या बायकांना ठाऊक नव्हतं. तिघींना एकेक करून समजावून सांगावं लागलं. तिसरीच्या वेळी मी कंटाळून म्हणाले की लग्न मोडलं. तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग रोजच सुरू झालं. सोमवारी मोरपंखी सदरा, मंगळवारी सोनेरी गळपट्टा. रोज एक गोष्ट साजरी. नळाचा वायसर बदलला तो दिवस आम्ही साजरा केला. दातांचा डॉक्टर दात काढायचा नाही म्हणाला तो दिवस केला. औषधाच्या गोळ्या सातावरून सहावर आल्या तेव्हा जेवणाच्या टेबलावर मेणबत्ती लागली, आणि ती माझ्या पडद्याला लागली. समतोलासाठी त्यांनी फ्रिजवर वेळापत्रक लावलं. त्यात अर्धा तास मौन आणि अर्धा तास हसणं. मौन त्यांना जमलेलंच होतं. हसण्याची सवय नव्हती, म्हणून ते न्हाणीघरात दार लावून सराव करायचे. पहिल्या दिवशी शेजारचा मास्तर धावत आला, त्याला वाटलं यांच्या घशात काही अडकलं. वेळापत्रकात माझ्याही नावाचा रकाना होता. त्यात ‘विश्रांती’ असं लिहिलं होतं, दुपारी तीन ते चार, म्हणजे नेमकी दुकानात कपडे परत येण्याची वेळ. मी त्या रकान्यावर विजेचं बिल चिकटवलं.

करडे दोन्ही सदरे त्यांनी फाडून पुसणी केली. जुनं टाका, असं कात्रणात होतं. याचा परिणाम पुढे झाला, तो ऐका.

आपल्या खालच्या मजल्यावर घड्याळवाले राहतात. गेल्या महिन्यात त्यांची बायको गेली. चार महिने अंथरुणाला खिळलेली होती, त्यामुळे अचानक असं कुणी म्हणालं नाही. बुधवारी सकाळी अंत्यविधी ठरला. त्याच दिवशी एका कंपनीचं वार्षिक जेवण होतं आणि माझे अकराच्या अकरा काळे कोट तिकडे गेलेले. करडे सदरे पुसण्यांत. उरला होता मलईरंगी कोट, सोनेरी बटणांचा, तोही गुरुवारी न्यायचा म्हणून एका नवरदेवानं ठरवून ठेवलेला. मी म्हटलं, तुम्ही घरीच बसा, मी एकटी जाऊन येते. मी तयार होऊन बाहेर आले तर हे जिन्यात उभे, मलईरंगी.

वन्सं, मी आयुष्यात पुष्कळ कपडे पाहिले, पण एका कपड्याकडे इतकी माणसं एवढा वेळ बघताना कधी पाहिली नाहीत. सगळे काळ्या-करड्यात, पाऊस नुकताच थांबलेला, चिखल, आणि मध्ये हे, लग्नाच्या मांडवातून वाट चुकून आल्यासारखे. घड्याळवाल्यांचा मुलगा परगावाहून आला होता. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला की काकांना जरा मागे उभं करा. यांना मागे न्यायला मी बाही ओढली. तेवढ्यात घड्याळवाल्यांचं लक्ष गेलं. ते आले, यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “कुठे लग्नाला निघालायत का?”

हे म्हणाले, “नाही. तुमच्याचकडे आलोय.”

यांच्या कोटाचं वरचं बटण उघडं राहिलं होतं (ते बटण नेहमी सुटतं, काज सैल आहे). घड्याळवाल्यांनी ते लावून दिलं. बारीक स्क्रू बसवणारी बोटं ती, पण त्या दिवशी त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. मग यांना कोपराशी धरून पुढे, आपल्या शेजारी उभं केलं. सगळं होईपर्यंत दोघं तिथेच होते. मुलगा माझ्याकडे बघत होता आणि मी चिखलाकडे.

गुरुवारी नवरदेव आईला घेऊन कोट न्यायला आला. मी पहाटेपासून घेर घासत होते, पण ओल्या चिखलाची कड मलई रंगावरून जात नाही, फिकट तपकिरी लाट राहतेच. आईनं ती पाहिली. मी चहा सांडला असं म्हणणार होते, तोंडात वाक्य तयार होतं. पण तुमचे बंधू तिथेच बसलेले (मोरपंखी सदऱ्यात) आणि आजारपणापासून त्यांना खोटं बोलवत नाही. ते म्हणाले, कोट काल अंत्यविधीला गेला होता. आई दोन पावलं मागे सरली आणि टांगलेल्या कपड्यांत शिरली, तिला बाहेर काढायला मला दोन हँगर उतरवावे लागले. शेवटी तपकिरी कोटावर तडजोड झाली. तो त्या मुलाला पाठीत इतका घट्ट की मी मागची शिवण उसवली, आत अस्तराची पट्टी घातली, टाचण्या मारल्या आणि त्याला सांगितलं की समारंभभर हात वर करू नकोस. तसं तो वागला असावा, कारण कोट धड परत आला. टाचण्या मात्र दोन कमी आहेत.

ती दोघं गेल्यावर मी यांना बोलले. जे बोलले ते सगळं लिहीत नाही. तुमच्या कात्रणाचाही उल्लेख झाला, तुमचाही. सत्तावीस वर्षांचं दुकान आहे, लोक म्हणतील इथले कपडे मेल्याघरी जाऊन येतात. वर तुम्हाला कसला एवढा आनंद झालाय, मला एकदा कळू तरी द्या, असंही म्हटलं.

हे स्टुलावर बसून होते. म्हणाले, “मला आत नेलं तेव्हा माझ्या अंगात काय होतं, तुला आठवतं?”

मला आठवत नव्हतं. मला त्या दिवसाचं फक्त बंद होणारं दार आठवतं.

“हॉस्पिटलचा झगा. मागून उघडा. खिशावर बायकांच्या वॉर्डाचा शिक्का. वर दिवा होता, त्याच्याकडे बघत होतो. घाबरलो नव्हतो. एवढंच मनात आलं, की एकतीस वर्षं तो करडा सदरा, आणि जायचं ते ह्यात.” मग म्हणाले, “मी सणबिण काही करत नाही. मी तयार असतो.”

वन्सं, मी तो मलईरंगी कोट त्यांच्या अंगावर चढवून पाहिला. आजारपणात माणूस इतका उतरलाय की खांदे कोपरापर्यंत ओघळत होते, आणि मी एवढे दिवस लोकांच्या मापात होते, घरातलं माप घेतलंच नव्हतं. दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं आत घेतलं, सैल काज आवळलं. भाड्याच्या कपड्याला मी नेहमी कच्चा टाका घालते, परत उसवायचा असतो म्हणून. या वेळी मशिनवर बसून पक्का घातला. कोट आता विकता येणार नाही आणि भाड्यानंही देता येणार नाही. कडेची तपकिरी लाट तशीच आहे. हे म्हणतात, राहू दे.

तरीसुद्धा हे फार दिवस चालणं बरं नाही. काल ते त्या कोटात दुधाच्या रांगेत उभे होते आणि पुढच्या माणसानं त्यांना मान देऊन पुढे सोडलं. अशी सवय लागली तर कठीण. तुम्ही थोरल्या आहात, तुमचं ते ऐकतात, माझं फक्त ऐकून घेतात. तेव्हा तुम्ही त्यांना चार शब्द लिहा, की हौस आवर आणि निदान बाहेर जाताना साधे कपडे घाल. एवढंच मागणं आहे. तुमच्या यजमानांना माझा नमस्कार मोठ्यांदा सांगावा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. यापुढे कात्रण पाठवताना तांबडी पेन्सिल वापरू नये. यांना तांबड्या खुणेचं सगळं अमलात आणायचं असतं. तुमच्या मागच्या कात्रणाच्या पाठीमागे अर्धी जाहिरात होती, पोहण्याच्या तलावाची, तिच्यावरही पेन्सिल उमटली होती.

ता. क. २. वर जी विनंती केली ती रद्द समजावी. त्यांना काहीही लिहू नका. त्यांना जे घालायचं ते घालू देत. पत्र पुन्हा लिहायला कंटाळा आला म्हणून तेवढं खोडलं नाही.

ता. क. ३. माझ्या डाव्या बाजूला गाठ आहे. दोन आठवड्यांपूर्वी तपासली, चांगल्यातली नाही. येत्या मंगळवारी सकाळी आठला ऑपरेशन. डॉक्टरांनी कुठून कापणार ते कागदावर रेघ ओढून दाखवलं. रेघ वाकडी होती, मी ती सरळ करून दिली. पुढचं काय ते कापल्यावर कळेल असं ते म्हणतात, आणि हे म्हणताना ते खिडकीकडे बघतात. यांना अजून सांगितलेलं नाही. सहा गोळ्यांवर असलेल्या माणसाला मी कसं सांगू. दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा बटणांबद्दल बोलले. ते काम तुम्ही करायचं आहे. तुम्ही कुठलीही बातमी अशी सांगता की माणसाला आधी तुमचा राग येतो, रडायला सवड मिळत नाही. यांना तसंच सांगा. माझ्या बहिणींना कळवणार नाही. त्या येतील, माझ्या गळ्यात पडून रडतील आणि मला उठून त्यांच्यासाठी चहा करावा लागेल. तुमचं-माझं बत्तीस वर्षांत एक दिवस पटलं नाही. तुम्ही आल्याबरोबर पदर खोचून माझं स्वयंपाकघर तपासाल, नाक मुरडाल आणि सगळं तुमच्या पद्धतीनं लावाल. मला सध्या तशा माणसाची गरज आहे. रविवारच्या पहिल्या गाडीनं या. डबे मी मुद्दाम घासून ठेवलेले नाहीत.