उभ्यानं फरशी बसत नाही

अगं, तू झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. डबा घेतलाय.

काल तुझ्याशी खोटं बोललो. ‘वय लहान आहे, थांबा’ असं डॉक्टर म्हणालेच नाहीत. दोन्ही गुडघे बदला म्हणाले, बेचाळिसाव्या वर्षी. मी विचारलं, नवे गुडघे टेकून फरशी बसवता येईल ना? तर म्हणाले, आता दुसरं काम बघा. वीस वर्षांत मी दुसरं काही शिकलो नाही गं, आणि उभ्यानं फरशी बसत नाही.

एक्स-रे कपाटावर ठेवलाय. तूच बघ, तूच ठरव, माझं डोकं चालत नाही.

संध्याकाळी खाली थांबेन. जिन्यात कुणी नसलं की हाक मारीन, मग हात द्यायला ये.