उंबऱ्याखालचा संरक्षित रहिवासी

३ तारीख.
मानवजातीवर आजवर पुष्कळ अन्याय झाले असतील. पण साबण ठेवायला कोनाडा नसलेली न्हाणी बांधणाऱ्याला इतिहास क्षमा करणार नाही. बाकी जागा झकास! जंगलाच्या उतारावरचं अभ्यासकेंद्र, मला स्वतंत्र खोली, एक खिडकी, तिला भक्कम गज. काम प्राण्यांच्या नोंदी ठेवण्याचं. प्रमुख बाईंना सगळे मॅडम म्हणतात. सगळे म्हणजे मी आणि स्वयंपाकी काका. काका म्हणाले, आधीचा माणूस पंधरा दिवसांत पळाला. तुम्ही चेहऱ्यावरून आळशी दिसता, टिकाल.

५ तारीख.
उतारावरची माती घसरून दाराशी साचते. ती ओढताना हाताखाली काहीतरी वळवळलं. गांडूळ म्हणून फेकणार, तर त्यानं तोंड उघडलं. पाय नाहीत, डोळ्यांवर नुसते खवले. आंधळा सरडा; मातीतच जन्मणारा, मातीतच मरणारा. शाबासकीच्या हावेनं लगेच नोंद केली. मॅडमनी आनंदानं टाळ्याच वाजवल्या. फार दुर्मीळ म्हणे! वरून परवानगी येईपर्यंत या मातीला फावडं लावायचं नाही. फावडी कोठीत, कोठीची किल्ली मॅडमकडे. काका म्हणाले, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे पाहिलेत साहेब, तुम्ही तर डोंगरच घेतलात.

८ तारीख.
तीन दिवस पाऊस नाही, तरी माती कमरेपर्यंत चढली. काका डबा घेऊन फटीतून कसेबसे आत आले आणि मागे ढीग कोसळला. दार बाहेर उघडतं. म्हणजे आता उघडत नाही. मॅडमनी खिडकीबाहेर फूटपट्टी लावून उंची मोजली, खूश झाल्या. प्राण्यांना त्रास देऊ नका म्हणाल्या. परवानगी घेऊन उद्या येते म्हणाल्या.

१० तारीख.
मॅडम नाहीत. खिडकी अर्धी बुजली. गज हलत नाहीत. काकांनी डब्याच्या झाकणानं माती आत ओढली. जेवढी ओढली तेवढी वरून आली. तिच्यात सतरा सरडे. नोंद केली. सवय.

११.
खिडकी गेली. छपराखाली झरोका आहे, पंज्याएवढा. पाळ्या लावल्या — स्टुलावर चढून शंभर आकडे त्यांनी श्वास घ्यायचा, शंभर मी. काका म्हणाले, सासुरवाडीतसुद्धा इतका पाहुणचार झाला नव्हता. हसलो. हसायला नको होतं, हवा जाते.

१२.
फरशीच्या सांध्यांतून बारीक तोंडं. चावत नाहीत. घाई नाही त्यांना. पायांवरून सरपटतात, जणू आम्ही आधीच —

१२, नंतर.
काकांना ग्लानी आली. त्यांची पाळी मी घेतली. शंभर. वर आणखी पन्नास. त्यांना सांगितलं नाही.

१३.
झरोका — तीन बोटं उरला. काकांच्या छातीत शिट्टी वाजते. तुमची पाळी, या, म्हणाले. मी म्हटलं, मोजायला चुकलात काका, तुमचीच आहे. स्टुलावर उभं केलंय, एका हातानं धरलंय. माती गुडघ्याशी. नव्वद — शंभर झाले. उतरू का, विचारतात. नाही म्हटलं. अजून पन्नास आहेत तुमचे. एक. दोन. तीन. चार. पा