मानेला मान

मु. दहिवली, ता. ९ जानेवारी सन १८९४. सकाळचे साडेसहा. मोजणीची दोरी दवाने भिजली आहे, ती वाळेपर्यंत लिहीत बसलो आहे.

तीर्थरूप आबामामा यांस,
नामाचा सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. आईस सांगावे की खोकला गेला. खडीच्या ठेकेदार साहेबांकडे उमेदवारीला तीन महिने पुरे झाले. खडीचे ढीग दोरीने मोजायचे, गाड्या लिहायच्या, मजुरांची हजेरी धरायची, असे काम आहे. हजेरी-कारकुनाची जागा एक, पगार पंधरा रुपये. उमेदवार दोन: मी आणि कोंडाणे गावच्या हिरूचा सहदेव. जागा ठरेपर्यंत दोघांना महिन्याला तीन-तीन रुपये भत्ता.

शनिवारी निकाल सांगायचा होता. साहेबांनी आम्हांला ओसरीवर उभे केले, दोघांचे कागद चाळले आणि हसून म्हणाले, नेक अँड नेक. मी अदबीने अर्थ विचारला. ते म्हणाले की पुण्याच्या शर्यतीत कधीकधी दोन घोडे मानेला मान लावून धावतात, कोण पुढे ते दिसत नाही, तसे तुम्ही दोघे. पुढच्या महिन्यात पाहू. माझी इंग्रजी शाळा लवकर सुटली, म्हणून असा शब्द हाती लागला की बरे वाटते. अक्षरे विचारून उतरवून घेतला आहे.

चांगोकाकांना कळवावे की सामना अटीतटीचा आहे आणि मी मागे नाही. चुकले असेल ते पोटात घालावे, माया आहे तशीच ठेवावी.

आपला भाचा
नामा


खालापूर, ता. १५ जानेवारी

चिरंजीव नामा यास आबाजीचे उदंड आशीर्वाद.

धाऊ गाडीवानानं तुझं पत्र पोचवलं. त्याच्याच हाती डब्यातून तिळगूळ धाडलाय. अर्धा सहदेवाला दे, तो तुझ्याशी गोड बोलत असंल तर.

तुझा इंग्रजी शब्द चांगोला म्हणून दाखवला. त्यानं दोनदा घोकला आणि विचारलं, मग जागा कुणाला? मी म्हटलं, अजून कुणालाच नाय. त्यावर म्हणाला की आबाजी, ह्याला आमच्यात ‘नाय’ असंच म्हणतात. तू हे हसण्यावारी नेऊ नकोस. त्याच्या इंदूला पनवेलकडचं स्थळ सांगून आलंय. तुझ्यासाठी मी शब्द टाकलाय म्हणून तो होळीपर्यंत थांबलाय. होळीपुढं एक दिवस थांबणार नाय, हे त्यानं गौराबाईसमोर सांगितलं. बायकोसमोर बोललाय म्हणजे ते पक्कं.

तुझी आई विचारते, साहेबाचे घोडे पळतात तरी किती महिने. तेवढं विचारून घे. जिवाला जप.

तुझा
आबामामा


मु. दहिवली, ता. ४ फेब्रुवारी. दुपारचा दीड. भाकरी खाऊन हात धुतले, शाईला बोट लागू नये म्हणून पुसून घेतले.

तीर्थरूप मामांच्या पायांशी नामाचा नमस्कार.

काल साहेब म्हणाले, डेड हीट. म्हणजे दोन्ही घोडे एकाच क्षणी खुणेवर पोचले. मी म्हणालो, पोचले असतील तर शर्यत संपली, आता निकाल लावावा. ते म्हणाले की निकाल लागत नाही हाच निकाल. मधल्या एका शनिवारी इव्हन म्हणाले होते, एका शनिवारी टाय. बरोबरीला इंग्रजीत इतके शब्द असतील असे वाटले नव्हते. चार जमले. जागा नाही.

मामा, मी बरोबरीत नाही, मी पुढे आहे. सहदेवाने बत्तीस गाड्यांच्या जागी तेवीस लिहिल्या, माझी एक चूक नाही. तरी साहेब म्हणतात, त्याचा आवाज मजुरांवर चालतो, म्हणून बरोबरी. मी आवाज चढवायला लागलो, तर म्हणाले अक्षर बिघडले. अक्षर बिघडलेले नाही. हे पत्र पाहावे. घोडे किती महिने पळतात हे विचारायचे धाडस झाले नाही. सहदेवाशी मी पंधरा दिवस बोललो नाही. तिळगूळ द्यायचा राहिला, त्याला मुंग्या लागल्या.

होळीआधी जमेल असे चांगोकाकांना सांगावे. मला स्वतःला तसे वाटते की नाही, ते विचारू नये. आईकडे लक्ष असू द्यावे.

आपला
नामा


खालापूर, ता. ११ फेब्रुवारी

चिरंजीव नामास आशीर्वाद.

तिळगुळाला मुंग्या लागल्या हे वाचून वाईट वाटलं. तीळ घरचे होते.

आता ऐक. मानेला मान लावून चालणारी दोन जनावरं मी रोज सकाळी बघतो. माझा चांद्या जोरकस, मोऱ्या आळशी. जुवाखाली घातले की दोघं बरोबर. चांद्या पुढं सरला की मी त्याचा कासरा खेचतो, मोऱ्या मागं राहिला की त्याला टोचतो. एक पुढं गेला तर माझा नांगर वाकडा जाईल ना. त्या दोघांना वाटत असंल शर्यत चाललीय. तिला शर्यत नाय म्हणत रं, तिला जू म्हणतात.

तीन आणि तीन सहा. पंधरा रुपयांचं काम साहेबाला सहात होतंय, आणि तुमी एकमेकांवर डोळा ठेवता म्हणून वर मुकादमही लागत नाय. हा माझा अंदाज हाय, खोटा निघाला तर बरंच. पण सहदेवाला विचारून बघ. घोड्यांना बोलता येत नाय, तुमाला येतं.

रागावलास तरी पत्र लिही.

आबामामा


मु. दहिवली, ता. १४ मार्च. सकाळचे सात. दोरी नाही, ढीग नाहीत. रिकामा बसून लिहीत आहे.

तीर्थरूप मामा यांस नामाचा दंडवत.

राग आला होता, म्हणून महिनाभर लिहिले नाही. साहेबांना बैल हाकणारा म्हटलेले आवडले नाही, आणि मला बैल म्हटलेले त्याहून नाही. मग महिनाअखेर साहेब म्हणाले, टॉस-अप. म्हणजे नाणे उडवून ठरवावे इतकी बरोबरी. पण नाणे काही उडवले नाही.

त्या दिवशी मी खाणीपाशी सहदेवाला गाठले. त्याला वाटले भांडायला आलो. बोलता बोलता कळले की साहेब त्याला एकट्याला बोलावून सांगत, नामा केसभर पुढे आहे. मला एकट्याला सांगत, सहदेव पुढे आहे. सहदेव ढिगावर बसून बराच वेळ हसला. म्हणाला की तू पुढं हायस ऐकून मी कोंडाण्याहून पहाटे धावत येत होतो रं, वाटेत न्याहारीलासुदा बसलो नाय. मला हसू आले नाही.

गेल्या शनिवारी दोघे मिळून ओसरीवर गेलो आणि आजच्या आज निकाल मागितला. साहेब खुशीत होते. म्हणाले, ठीक, नाणे उडवू. त्यांच्या खिशात सुटे नव्हते, म्हणून माझा पैसा दिला. राणीचे तोंड सहदेवाचे, अक्षरांची बाजू माझी. राणी पडली. मी हरलो असे समजून दोरी खांद्यावरून काढत होतो, तर साहेब म्हणाले, एकदाच कसे, तीनदा हवे. दुसऱ्यांदा अक्षरे पडली. साहेबांनी टाळी वाजवली आणि म्हणाले, पुन्हा इव्हन. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते. तिसऱ्यांदा पैसा घरंगळत पायरीखाली गेला आणि सहदेवाने त्यावर पाय ठेवला.

साहेब म्हणाले, पाय उचल. सहदेवाने विचारले की ह्याच्याखाली आमच्यातला जो कुणी असंल, त्याला पंधरा रुपये कुठल्या महिन्यापासून? साहेबांनी सांगितले, पावसाळ्यानंतर, नवा ठेका मिळाला तर.

सहदेवाने माझ्याकडे पाहिले. मी दोरी नीट गुंडाळून खांबाला अडकवली. दोघे उतरलो. पाय उचलताना त्याने खाली पाहिले नाही. मी पाहणार होतो, मामा. माझा स्वभाव आपल्याला माहीत आहे. पाहिले नाही.

चांगोकाकांना खरे ते सांगावे. नोकरी मिळाली नाही, आणि ती नव्हतीच. एकच विनंती, त्यांचे हो किंवा नाही एका शब्दात कळवावे. ज्याचा अर्थ विचारावा लागेल असा शब्द नको. आपले ऐकायला उशीर केला, तरी जवळ करावे.

नामा


खालापूर, ता. १८ मार्च

चिरंजीव नामास आशीर्वाद.

चांगो नाय म्हणाला. घरात बोलावून, पाण्याचा तांब्या पुढं ठेवून, तोंडावर सांगितलं. पनवेलच्यांना होकाराचा नारळ दिला. गौराबाई चुलीपुढून उठली नाय. तिला तू पसंत होतास. येताना मी चांगोला रामराम केला नाय, पण त्याचं चुकलं असं म्हणवत नाय.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मी गेल्या पत्रात तुला बैल म्हटलं होतं ते मागं घेतो. बैल दोरी गुंडाळून ठेवत नाय.

इथं तळ्याच्या बांधाचं काम निघालंय. मोजणाऱ्याला रोजचे तीन आणे, सांजच्याला हातावर. सहदेवाला संगती आण. होळीच्या पोळ्या दोघांच्या जादा करायला तुझ्या आईला सांगितलंय, आणि ती तुझ्यापेक्षा त्याचीच चौकशी जास्त करते. डबा परत आणायला इसरू नको.

वाट बघतो.
आबामामा


मु. दहिवली, ता. २० मार्च. पहाटेचे साडेपाच. डबा राखेने घासून पालथा घातला आहे.

तीर्थरूप मामा यांस नमस्कार.

मागितला तसा एक शब्द मिळाला. काल दिवसभर जेवण गेले नाही. इंदूला मी एकदाच पाहिले होते, जत्रेत, तेही लांबून. तरी दोन महिने प्रत्येक शनिवारी ओसरीवर उभा राहताना मनात तीच होती. हे आईला सांगू नये. झोप मात्र लागली, ती ऑक्टोबरपासून अशी लागली नव्हती.

धाऊची गाडी सकाळी निघते. सहदेव येतो आहे. बांधावर मोजायचे मी आणि हाका मारायच्या त्याने, असे आमचे ठरले. ठरायला निमिषही लागले नाही. माझ्या मागून हे पत्र पोचले तर हसू नये. हिशेब खाली जोडला आहे, तपासून घ्यावा.

खर्च: खोलीचे भाडे आठ आणे. धाऊस दोघांचे तीन आणे. शाई व कागद एक आणा.
देणे: वाण्याचे सहा आणे. आपले दोन रुपये.
येणे: साहेबांकडून मार्चच्या दहा दिवसांचा भत्ता, पंधरा आणे दोन पैसे. पाहू म्हणाले आहेत.
गेला: एक पैसा, साहेबांच्या पायरीखाली. राणी की अक्षरे, माहीत नाही.