लाल झालं की घण थांबायचा

आई,

तू असताना तुला कधी लिहिलं नाही. लिहून काय करणार होतो? तुला वाचता येत नव्हतं, आणि मी दिवसभर तुझ्यासमोरच भाता ओढत असायचो. पण काल बाबा ऐरण विकायची म्हणाले आणि आज जे कळलं, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.

तुझा घण मी हाती घेतला, बाबा पट्टी धरून 'मार' म्हणतात तसा मारतो, आणि तेव्हापासून फाळ तडकू लागले. थंड पट्टी मुकाट वाकते. तापवून ठोकली की कडेला चिरा पडतात. परवा लोधिवलीच्या राघूकाकांनी फुटका फाळ उलटसुलट करून पाहिला. "नांगराला लावू का चुलीला रं?" सगळे हसले. बाबाही हसले, पण जेवले नाहीत. "माझा हात गेला," एवढंच म्हणाले.

म्हणून आज तुकडा घेऊन कर्जतला गेलो, रेल्वेतल्या ओळखीच्या मिस्त्रींकडे. त्यांनी तो तापवून वाकवला. "लढाईतलं भंगार हाय. गंधक जास्त असणार, मँगनीज कमी. मँगनीज गंधकाला धरून ठेवतं. ते नसलं तर लोखंड लाल असताना फुटतं. पिवळं-पांढरं हाय तवर ठोक. निवून लाल झालं की थांब."

थांब! आई, तू तेच करायचीस ना? पट्टी लाल झाली की घण टेकवायचीस. "अहो, हात भरून आला माझा."

"आत्ताशी कुठं सुरुवात केलीस गं?" कुरकुरत बाबा पट्टी परत विस्तवात घालायचे.

मला वाटायचं, तू थकतेस. मग लगेच भरलेला हंडा डोक्यावर घेऊन कशी यायचीस, हे मला का सुचलं नाही?

घरी येऊन भट्टी पेटवली. बाबांनी विस्तवातून काढलेली पट्टी निवून चांगली लाल होऊ दिली आणि सहज विचारलं, "बाबा, अजून पिवळी आहे का?"

"हाय की. मार."

मी मारला नाही. त्यांना रंग दिसत नाही, आई. तुला ठाऊक होतं. एकदा मला सांगितलं असतंस तर?

"दम लागला," म्हणालो आणि घण टेकवला.

"आईवर गेलास," बाबा म्हणाले आणि पट्टी विस्तवात घातली. फाळ अखंड उतरला. त्यांनी त्यावरून दोनदा बोट फिरवलं. ऐरणीचं पुन्हा बोलले नाहीत.

यापुढे मी रोज दमेन. कुणी आळशी म्हटलं तरी खरं कारण बाबांच्या कानावर जाऊ देणार नाही.

तुझा,
दत्तू